६५ इंची टीव्ही, चुकीची भिंत आणि आईची खुर्ची

आमचा जुना ४३ इंची टीव्ही नऊ वर्षं चालला आणि मग त्याच्या डाव्या कडेला एक काळपट पट्टा दिसायला लागला, आधी बोटभर, मग हातभर. बॅकलाइटची, म्हणजे चित्रामागून उजेड देणाऱ्या दिव्यांची, एक पट्टी गेली होती. दुरुस्त होण्यासारखं होतं, पण घरात प्रत्येकाने मनातल्या मनात नवीन टीव्ही घेऊनच टाकला होता, त्यामुळे दुरुस्तीचा विषय कोणी काढलाच नाही. तिथून टीव्ही नीट लागेपर्यंत जवळजवळ महिना गेला. त्या महिन्यातले तीन आठवडे मी पॅनलबद्दल वाचत बसलो होतो आणि खोली मोजायला फक्त दोन तास दिले, ते पण शेवटी. उलट करायला हवं होतं. म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय, चुकांसकट.

घरातली माणसं आणि त्यांचा टीव्ही

आम्ही चौघं. आई दिवसा एकटी असते आणि बातम्यांचं एकच चॅनल सहा-सात तास चालू ठेवते, बघते त्यातलं निम्मं, बाकी सोबत म्हणून. मुलगा गेमिंग कन्सोलवर. बायको संध्याकाळी काय लागलं असेल ते, पण आवाज स्पष्ट हवा, बाकी तिला चित्राशी फारसं देणंघेणं नाही. आणि मी रात्री सगळे झोपल्यावर सिनेमा बघणार, अंधार करून. आता दुकानात गेल्यावर या चौघांपैकी कोणाच्या डोळ्यांनी टीव्ही बघितला गेला? अर्थात माझ्या. त्यामुळे पहिल्या दिवशी मी ओलेडच्या प्रेमात पडून घरी आलो.

ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळं दाखवायचं तर तो सरळ बंद होतो, मागे बॅकलाइट नसतोच, म्हणून अंधारातला सीन खराखुरा अंधारात दिसतो आणि बाजूने बघितलं तरी रंग फारसे उतरत नाहीत. हे सगळं खरंय. पण ते पिक्सेल वापराप्रमाणे झिजतात, आणि चॅनलचा तो लाल-पांढरा लोगो रोज सहा तास त्याच कोपऱ्यात आणि खालची पट्टी त्याच जागी चालू राहिली तर तेवढा भाग बाकीच्यापेक्षा जास्त झिजणार, काही वर्षांनी दुसरं काही लावलं तरी तिथे सावली दिसायची शक्यता. यावर उपाय म्हणून टीव्ही स्वतःच स्टँडबायमध्ये असताना पॅनलची डागडुजी करून घेतो, पण त्यासाठी त्याला मागून वीज चालू लागते. आणि आमची आई रात्री झोपायच्या आधी घरातल्या एकूण एक बटणावरून हात फिरवते. फ्रीज तेवढा वाचतो. तिला सांगून बघितलं, "आई, हे बटण बंद नाही करायचं", तर "बरं" म्हणाली आणि त्याच रात्री वायफायचा राउटर बंद.

तर ओलेड तिथेच संपला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्यासारखा एकटा रात्री सिनेमे बघणारा असेल तर डोळे झाकून घ्यावा, पण टीव्हीचे सगळ्यात जास्त तास ज्या माणसाचे आहेत त्याचा हिशोब आधी धरायला हवा, आणि आमच्याकडे ते माणूस आई आहे.

मग खोली मोजली

खोली ५ मीटर बाय ३.६ मीटर. जुना टीव्ही छोट्या भिंतीवर होता आणि त्याच्या बरोब्बर समोर खिडकी. दुपारी स्क्रीनमध्ये बातम्या कमी आणि खिडकीचे गज जास्त दिसायचे, म्हणून नऊ वर्षं आम्ही दिवसा पडदा ओढून लाइट लावून बसत होतो आणि कोणाला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. आईची खुर्ची टीव्हीजवळ, पण पार बाजूला, का तर तिला ऐकू नीट यावं म्हणून. स्क्रीनच्या मधोमधून सरळ रेषा काढली तर ती त्या रेषेपासून जवळपास ५० अंश बाजूला बसत होती.

हा अंशांचा विषय मला आधी माहीतच नव्हता. साध्या एलईडी टीव्हीत मुख्य दोन प्रकारचे पॅनल असतात, व्हीए आणि आयपीएस. व्हीएचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळ्यातला फरक, साधारण ३००० ते ५००० ला १ असतो, आयपीएसचा १००० च्या आसपास, म्हणजे व्हीएचं काळं बरंच काळं. पण व्हीए समोरून बघायचा पॅनल, २५-३० अंश बाजूला गेलात की रंग धुतल्यासारखे व्हायला लागतात. आणि गंमत म्हणजे खुर्ची टीव्हीकडे वळवून काहीच होत नाही! मी आधी तेच करायला गेलो होतो. खुर्ची वळवली की मान सरळ होते एवढंच, स्क्रीनच्या दृष्टीने माणूस तिथेच बाजूला बसलेला. एकतर माणूस हलला पाहिजे नाहीतर स्क्रीन वळली पाहिजे.

बायको दारात उभी राहून हे सगळं बघत होती. म्हणाली, "अरे, मग टीव्ही त्या भिंतीवर का नाही लावत?"

त्या म्हणजे लांबच्या भिंतीवर. नऊ वर्षांत आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं, कारण प्लग आणि केबलचा पॉइंट छोट्या भिंतीवर होता आणि पॉइंट जिथे तिथे टीव्ही, विषय संपला. लांबच्या भिंतीवर टीव्ही आणि समोरच्या भिंतीला सोफा टेकवला की खिडकी बाजूला जाते, उजेड बाजूने येतो, स्क्रीनमध्ये दिसत नाही. आईची खुर्ची सोफ्याच्या टोकाला आली तरी ती ३० अंशांवर येते, ५० वरून. पॉइंट हलवायला इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या दिवसाचं काम. या सगळ्या प्रकरणात टीव्हीवर सगळ्यात जास्त फरक पडला तो या एका वाक्याने, आणि ते ज्या माणसाला चित्राशी देणंघेणं नाही त्या माणसाचं होतं.

किती मोठा

भिंत ठरल्यावर अंतर ठरलं. ३.६ मीटरमधून सोफ्याची पाठ आणि डोकं मिळून ७० सेंटीमीटर गेले, टीव्ही भिंतीपासून दहाएक सेंटीमीटर पुढे, उरले २.८ मीटर. आता इंच म्हणजे तिरकं माप, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, त्यावरून भिंतीवर काय येणारे त्याचा काही अंदाज लागत नाही. खरी मापं अशी की ५५ इंची साधारण १२२ सेंटीमीटर रुंद, ६५ इंची १४४ रुंद आणि ८१ उंच, ७५ इंची १६६ रुंद आणि ९३ उंच. ५५ ते ६५ ते ७५ ऐकायला सारख्याच पायऱ्या वाटतात पण ६५ वरून ७५ वर गेलं की स्क्रीनचं क्षेत्रफळ एक तृतीयांशाने वाढतं. आणि आमच्या ४३ च्या मानाने ६५ म्हणजे सव्वादोन पट.

किती अंतराला किती मोठा याचा ढोबळ नियम असा की स्क्रीनने नजरेचा साधारण ३० अंशांचा भाग व्यापावा, सिनेमाच जास्त बघत असाल तर ४० पर्यंत. २.८ मीटरवरून ६५ इंची सुमारे २९ अंश भरतो, ७५ इंची ३३ अंश. म्हणजे कागदावर दोन्ही चालतील. मुलगा अर्थातच ७५.

मग मी जुनी वर्तमानपत्रं चिकटवून दोन्ही मापांचे आयत केले आणि भिंतीवर मास्किंग टेपने लावले, दोन दिवस ६५ चा, दोन दिवस ७५ चा. हे मात्र सगळ्यांनी करा, फुकट आहे आणि भांडणं वाचतात. ७५ चा कागद लागल्यावर आई खुर्चीत बसून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "एवढ्या मोठ्या तोंडाचा माणूस बातम्या द्यायला लागला तर मी उठून जाईन." हसलो सगळे, पण त्यात तथ्य होतं. मोठी स्क्रीन म्हणजे खराब सिग्नल पण मोठा. ४के म्हणजे ३८४० बाय २१६०, साधारण ८३ लाख पिक्सेल, पण आईचं चॅनल कसलं ४के, ते फुल एचडीपेक्षाही कमी. धडधाकट डोळ्याला ६५ इंचावर फुल एचडीचे पिक्सेल अडीच-पावणेतीन मीटरच्या अलीकडे आलं की वेगळे जाणवायला लागतात, म्हणजे आम्ही बरोबर काठावर होतो. ७५ ला काठाच्या आत गेलो असतो. ६५ ठरला. मुलाने हे अजून मान्य केलेलं नाही.

कोणता

इथे मी थोडक्यात आटपतो कारण मॉडेलं दर वर्षी बदलतात. आम्ही मिनी एलईडी बॅकलाइटचा, म्हणजे मागे बारीक बारीक दिवे असलेला, व्हीए पॅनल घेतला. बॅकलाइट कडेला असेल तर काळ्या सीनमध्ये कोपरे उजळलेले दिसतात, तो पूर्ण पाठीमागे असेल आणि भागाभागाने मंद होत असेल तर काळं बऱ्यापैकी काळं राहतं, त्याला लोकल डिमिंग म्हणतात. क्यूएलईडी नावाने लोक फार फसतात, तो काही ओलेडचा भाऊ नाही, तो एलसीडीच आहे, म्हणजे बॅकलाइटवाला, फक्त रंगांसाठी क्वांटम डॉटचा एक थर जास्त. तसंच '१२० हर्ट्झ' (म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलतं) मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं तेव्हा पॅनल खरोखर १२० चा आहे की ६० च्या पॅनलला काहीतरी मोशनचं नाव देऊन १२० म्हटलंय ते विचारा. दुसऱ्या दुकानातल्या सेल्समनला मी हे विचारलं तर तो म्हणाला, "सर, डोळ्याला सेमच दिसतं." तिथून निघालो.

एक गोष्ट कामाची केली. पेनड्राइव्हवर दोन क्लिप नेल्या, एक रात्रीच्या सीनची आणि एक मॅचची ज्यात कॅमेरा हिरव्या मैदानावरून आडवा फिरतो. दुकानातले टीव्ही झगझगीत मोडवर झगझगीत व्हिडिओ लावून ठेवलेले असतात, फुलं, पोपट, समुद्र, त्यात सगळेच छान दिसतात. मैदानाच्या क्लिपमध्ये मात्र एका टीव्हीवर उभे मळकट पट्टे सरकताना स्पष्ट दिसले, बॅकलाइट एकसारखा नव्हता. तो दोष पोपटात कधीच दिसला नसता.

पोर्ट पण मोजा. आमच्यात चार एचडीएमआय आहेत पण ४के १२० हर्ट्झ घेणारे २.१ चे दोनच, आणि त्या दोनातलाच एक ई-आर्कचा, म्हणजे साउंडबारला आवाज पाठवणारा, त्यामुळे साउंडबार लागला की कन्सोलसाठी एकच उरला. आम्हाला पुरला. घरात दोन कन्सोल असते तर मारामारी.

लावताना

टीव्ही आला तेव्हा भिंत तयार नव्हती. म्हटलं चार दिवस कपाटावर ठेवू. खोका उघडून पाय काढले तर ते टीव्हीच्या पार दोन टोकांना लागणारे, मधलं अंतर सव्वा मीटर आणि आमचं कपाट १२० सेंटीमीटरचं. पाच सेंटीमीटरने गेलं! स्पेसिफिकेशनच्या पानावर हे माप असतं, मी सगळं वाचलं होतं, तेवढंच नाही. मग चार दिवस टीव्ही खोक्यातच, भिंतीला टेकवून उभा. उभाच ठेवायचा, आडवा नाही, एवढ्या मोठ्या पॅनलला स्वतःचंच वजन आडवं झेपत नाही. उचलताना पण दोघांनी, खालून आणि कडेने धरून, स्क्रीनवर बोटं नाहीत.

आईसाठी म्हणून मी साधा चपटा ब्रॅकेट न घेता वळणारा आर्म घेतला होता, म्हणजे दिवसा ती एकटी असताना टीव्ही तिच्याकडे पंधरा अंश वळवता येईल. लावायला आलेल्या माणसाने नेहमीचे प्लास्टिकचे प्लग काढले आणि ड्रिल हातात घेतलं. मी म्हटलं, थांबा जरा, भिंत ठोकून बघू. दोन्ही बाजूंना ठक ठक, आणि मध्ये, बरोबर जिथे आर्म येणार तिथे, डब डब. पूर्वी कधीतरी तिथे ६० सेंटीमीटरचा कोनाडा होता, आधीच्या मालकांनी बोर्ड मारून बंद केलेला, वरून रंग. तो माणूस म्हणाला, "काही होत नाही, बसतं." बसलं असतं पण, चार दिवस.

हिशोब सोपा आहे. टीव्ही २३ किलो. चपट्या ब्रॅकेटवर ते वजन भिंतीला लागून खाली ओढतं. आर्म ४० सेंटीमीटर बाहेर काढला की तेच २३ किलो भिंतीतून बोल्ट उपटायला बघतात. वरच्या आणि खालच्या बोल्टांत २० सेंटीमीटर अंतर असेल तर वरच्या बोल्टांवर सरळ बाहेरच्या दिशेने ४६ किलोची ओढ येते, आणि त्यात कोणी टीव्हीला हात टेकवून उभं राहिलं तर बघायलाच नको. पोकळ बोर्डातला प्लास्टिकचा प्लग हे धरून ठेवेल का? मी त्याला परत पाठवलं. सुताराकडून १८ मिलिमीटरचा प्लाय ९० बाय ६० चा कापून घेतला, तो दोन्ही बाजूंच्या पक्क्या विटांत अँकर फास्टनरने आवळला, आणि आर्मचे बोल्ट प्लायमधून आरपार, मागे कोनाड्याच्या पोकळीत मोठा वॉशर आणि नट. टीव्ही लागल्यावर प्लाय दिसत पण नाही.

टीव्हीच्या पाठीच्या चार भोकांचं अंतर मिलिमीटरमध्ये ठरलेलं असतं, व्हेसा म्हणतात, आमचं ४०० बाय ३००. आर्मच्या प्लेटवर ते माप आहे का बघायचं, आणि स्क्रूची लांबी मॅन्युअलप्रमाणेच. आर्मच्या पुडीत चार लांबीचे स्क्रू येतात आणि सगळ्यात लांब तो सगळ्यात मजबूत असं वाटतं, तो आत जाऊन काहीतरी फोडतो.

उंचीवरून पण वाद झाला. लावणारा म्हणे दीड मीटर, "सगळ्यांकडे तिथेच लावतो". मी टेप घेऊन प्रत्येकाला बसवून जमिनीपासून डोळ्यापर्यंत मोजलं, मुलगा ९८, मी १०४, आई ११२ कारण तिची खुर्ची उंच. स्क्रीनचा मध्य १०४ वर धरला, म्हणजे खालची कड ६४ सेंटीमीटरवर. उभ्याने बघितलं तर फार खाली वाटतो, येणारा प्रत्येक माणूस बोलून दाखवतो. मग बसतो आणि गप्प होतो.

चालू केल्यावर

पहिल्या संध्याकाळी आईचं चॅनल लावलं आणि शांतता. जुन्या टीव्हीपेक्षा वाईट दिसत होतं. चेहरे मेणाचे, अक्षरं भुरकट. मी मनातल्या मनात घाबरलो, कारण भिंत, कागद, अंश सगळं भाषण माझंच होतं. दोन तास टीव्हीचं सेटिंग उलटंपालटं केलं आणि शेवटी सेटटॉप बॉक्सच्या मेनूत गेलो तर त्याचं आउटपुट जुन्या, कमी बारकाव्याच्या ५७६ रेषांवर अडकलेलं, नऊ वर्षांपूर्वी कोणीतरी ठेवलेलं. ते १०८० केलं. चित्र एकदम बसलं. वर त्यात खालच्या बातम्यांची पट्टी अर्धी कापली जात होती, आईनेच दाखवलं, तो ओव्हरस्कॅन, पिक्चर ट्यूबच्या काळात कडा लपवायला चित्र थोडं ताणायचे त्याचा अवशेष. मेनूत स्क्रीन फिट किंवा जस्ट स्कॅन असं काहीतरी असतं, ते चालू केलं की गेला.

मग व्हिव्हिड, म्हणजे दुकानातला झगझगीत मोड काढून सिनेमा बनवला तसा दाखवणारा फिल्ममेकर मोड लावला आणि घरात दंगा. "पिवळं दिसतंय, काविळ झाल्यासारखं." पिवळं नसतं, आपल्याला निळसर पांढऱ्याची सवय झालेली असते, सिनेमाचं ठरलेलं पांढरं ६५०० केल्विनच्या आसपासचं आहे. मी म्हटलं आठवडाभर ठेवा, नाही आवडलं तर बदलू. पाचव्या दिवशी मी गुपचूप परत व्हिव्हिड लावलं तर मुलगाच ओरडला, बाबा हे काय निळं निळं केलं. मोशन स्मूदिंग पण बंद, सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, मधल्या फ्रेम टीव्हीने स्वतः बनवून घातल्या की सगळं स्टुडिओत शूट केलेल्या मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. मॅचसाठी मात्र थोडं ठेवलं, चेंडू बरा दिसतो.

कन्सोल दोन दिवस ६० हर्ट्झवरच चालत होता, त्या पोर्टचं सिग्नल फॉरमॅट मेनूतून वाढवायला लागतं हे कोणी सांगत नाही. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून असतात, संवाद जमिनीशी बोलल्यासारखे येतात, म्हणून साउंडबार लागलाच, मधला वेगळा स्पीकर असलेला. तेव्हा ओठ आणि आवाज पुढेमागे व्हायला लागले, ऑडिओ डिलेमध्ये जाऊन टाळ्या वाजवणाऱ्या माणसाच्या क्लिपवर जुळवून घेतले. आणि आपण काय बघतो ते ओळखून पुढे पाठवणारं एक सेटिंग प्रायव्हसीत दडलेलं असतं, ते पहिल्याच दिवशी बंद केलं.

चार महिन्यांनंतर

खिडकीचा पडदा आता दिवसभर उघडा असतो. काळ्या पडद्यावर पांढरे सबटायटल आले की अक्षरांभोवती हलकं धुकं दिसतं, लोकल डिमिंगची मर्यादा, ओलेडमध्ये नसतं, रात्री एकदा तरी आठवण येतेच. सोफ्याशेजारचा दिवा स्क्रीनच्या कोपऱ्यात चमकायचा, तो हलवला.

आणि ज्या आर्मसाठी प्लाय, सुतार, वॉशर, चार दिवसांचा उशीर एवढं सगळं केलं तो आर्म पहिले दोन आठवडे आई रोज सकाळी वळवून घ्यायची, हळूच, दोन बोटांनी. मग एक दिवस मी दुपारी लवकर घरी आलो तर टीव्ही सरळ, तिची खुर्ची रिकामी, आणि ती सोफ्याच्या बरोब्बर मध्ये, माझ्या जागेवर, पाय वर घेऊन. म्हणाली, "इथून चांगलं दिसतं की." आर्म आता पेनड्राइव्ह लावायला आणि मागची धूळ पुसायला वळवतो.